मला फक्त अवघड इंग्रजी येतं

मला सोपं इंग्रजी येत नाही, फक्त अवघड येतं. हे ऐकून लोकांना वाटतं मी बढाई मारतोय. बढाई कसली हो, दुखणं आहे ते. कस्टमर केअरच्या मुलीने फोनवर "हाऊ मे आय हेल्प यू" म्हटलं की माझी दातखीळ बसते. मी फोन बायकोच्या हातात देतो आणि ती हिंदीत बोलून काम उरकून टाकते. पण 'अल्ट्राक्रेपिडेरियन' म्हणजे काय असं कोणी मला झोपेतून उठवून विचारलं, तर डोळे न उघडता सांगेन. ज्या विषयातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, त्यात तोंड घालून मतं देणारा माणूस. आता कोणी विचारत नाही, ही गोष्ट वेगळी.

मी मूळचा रत्नागिरीकडचा. शिक्षण मराठी शाळेत, इंग्रजी पाचवीपासून, आणि तेही शिकवणाऱ्या गुरुजींना जेवढं येत होतं तेवढंच. नोकरीला काशीमिऱ्याला आलो, हायवेवरच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात, आणि मीरा रोडला भाड्याची खोली घेतली. ऑफिसात सगळं हिंदीत चालायचं, पण साहेब आले की सगळे इंग्रजीत घुसायचे आणि मी पाणी प्यायला उठायचो. त्याच सुमारास रद्दीवाल्याकडे एक जाडजूड जुना शब्दकोश दिसला. पुठ्ठे गेलेले, पानं पिवळी पडलेली. किलोच्या भावाने घेतला. घरी येऊन चाळतो तर त्यात असे शब्द, जे इंग्रजांनी स्वतःच कधीच्या काळी वापरून टाकून दिलेले. मला एकदम हायसं वाटलं. चालू शब्दात चूक केली की समोरचा गालात हसतो. बंद पडलेल्या शब्दात चूक पकडणार कोण? आख्ख्या मीरा रोडमध्ये माझ्यावर हसायला कोणी शिल्लक नव्हतं, असा माझा हिशोब होता.

हा हिशोब पहिल्यांदा चुकला तो लेकीच्या शाळाप्रवेशाच्या वेळी. इंग्रजी शाळा, समोर दोन मॅडम, आणि आईबापांचीच मुलाखत. मॅडमने इंग्रजीत विचारलं, मुलगी सकाळी काय खाते? पोहे, चपाती, चहाबिस्किट, काहीही म्हणता आलं असतं. पण माझ्या तोंडून बाहेर पडलं, "शी पार्टेक्स ऑफ सस्टेनन्स." म्हणजे ती अन्न ग्रहण करते. दोन्ही मॅडमनी एकमेकींकडे पाहिलं. मग त्यांनी माझ्या बायकोला हिंदीत विचारलं, "बच्ची रोज़ खाना खाती है ना?" बायको म्हणाली, "खाती है, लेकिन बहुत नखरे करती है." या उत्तरावर प्रवेश मिळाला.

लेक शाळेत जायला लागली आणि मला आयुष्यात पहिल्यांदा श्रोता मिळाला. शाळेपर्यंत मी तिला चालत सोडायचो. तिचं दप्तर माझ्या खांद्यावर आणि रोज एक नवा शब्द तिच्या कानात. उठायला उशीर झाला की 'स्लगअबेड', उन्हं अंगावर येईपर्यंत लोळत पडणारा. वर्गात फळ्यावर तारीख लिहून मोबाइल बघत बसणाऱ्या मास्तरांसाठी 'फजेल', काम करतोय असं दाखवून काहीच न करणं. हा शब्द तिने वर्गात वापरला आणि अर्थही सांगितला. मला शाळेत बोलावणं आलं. मी बाहेरून गंभीर चेहरा करून उभा होतो, आतून मात्र छाती फुगली होती. रस्त्यात ती विचारायची, "बाबा, आजचा?" आणि मी मुद्दाम पानवाल्याच्या कोपऱ्यापर्यंत गप्प राहायचो. ती चिडून माझा शर्ट ओढायची. माझ्या सगळ्या आयुष्यात माझ्या तोंडून काय निघतंय याची एवढी वाट कोणी पाहिली नाही.

बायकोला या सगळ्याचं कौतुक शून्य. एकदा मी मोठ्या ऐटीत सांगितलं, की 'ओव्हरमॉरो' नावाचा शब्द होता, उद्याच्या नंतरचा दिवस, आणि तो आता बंद पडला. ती कणीक मळत म्हणाली, "म्हणजे परवा. आमच्याकडे परवा आहे, तेरवा आहे. तुमच्या इंग्रजांनी कुठे पाडलं?" मी शब्दकोश मिटला.

पण तिनेसुद्धा माझा एक शब्द घेतला. झालं असं, की आमच्याकडे रविवारी बोंबील तळायचे आणि मला पहिल्यापासून एक वाईट खोड. मी स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभा राहायचो. मागायचो नाही, काही बोलायचो नाही, नुसता कढईकडे बघत राहायचो. एका रविवारी मला कोशात शब्द सापडला, 'ग्रोक'. कोणी खात असताना, आपल्याला बोलावतील या आशेने गुपचूप बघत राहणं. मी तो घरात वाचून दाखवला आणि फसलो. लेक टाळ्या पिटत ओरडली, "बाबा ग्रोकतायत! आई, बाबा ग्रोकतायत!" त्या दिवसापासून तो आमच्या घरात मराठी झाला. "ग्रोकू नका, ताट घ्या," असं बायको बिनदिक्कत म्हणायला लागली. जिन्यातली मांजर दारात बसली की तिलाही, "ए, ग्रोकू नकोस, पळ." शेजारणीला वाटायचं हा रत्नागिरीकडचा शब्द असेल.

सोसायटीने मात्र माझं पाणी जोखलं होतं. चौथ्या मजल्यावर पाणी चढेना तेव्हा अर्ज लिहायचं काम मी हौसेने अंगावर घेतलं. 'बिसीच' लिहिलं, 'पार्च्ड डेनिझन्स' लिहिलं, म्हणजे तहानेने कोरडे पडलेले रहिवासी आपणास हात जोडून विनवतात. सेक्रेटरी गुजराती, हार्डवेअरच्या दुकानाचे मालक. त्यांनी कागद उलटासुलटा करून पाहिला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "भाईसाब, एक बात बताओ. पानी आ रहा है कि नहीं आ रहा?" मी म्हटलं, "नहीं आ रहा." "बस. ये बोलो ना." त्यांनी तिथेच प्लंबरला फोन लावला.

लेक कॉलेजला गेली आणि "आजचा?" बंद झालं. भांडण वगैरे काही नाही. ती स्वतः रिक्षाने जायला लागली, इंग्रजी फाडफाड बोलायला लागली, मैत्रिणी घरी आल्या की मी आपला आत जाऊन बसायचो. शब्दांची सवय काही सुटेना, म्हणून घरच्या ग्रुपवर रोज एक टाकायला लागलो. बायको ते उघडतही नसे. एक मावसभाऊ न चुकता हात जोडल्याचं चित्र पाठवायचा, पण तो निधनाच्या बातमीलाही तेच पाठवतो. लेकीचे दोन निळे टिक दिसायचे. मी तेवढ्यावर समाधान मानायचो.

मग तिने लग्न ठरवलं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, भाईंदरपलीकडे समुद्राकाठच्या उत्तनचा, कोळी ख्रिश्चन घरातला. वडिलांची बोट, आई मासळी सुकवून विकणारी, घरात एक खूप म्हातारी आजी. आमच्या नातेवाइकांनी फोन करकरून धर्माचं काय, पत्रिकेचं काय, मुलांची नावं काय ठेवणार, असली चौकशी केली. मला त्यातलं काहीच सुचलं नाही. मला धास्ती पडली ती वेगळ्याच कारणाने. ख्रिश्चन माणसं म्हणजे घरात इंग्रजी! आता लेकीच्या सासरी बाप गेला की 'हाऊ आर यू' होणार, आणि बाप पाणी प्यायला उठणार.

ते लोक पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा मी इस्त्रीचा शर्ट घालून तयार होतो. मुलाचे वडील सोफ्याच्या कडेवर टेकले आणि म्हणाले, "आमचं काय म्हनना न्हाय. पोरा खूश हाय तं आम्ही खूश हाय." आता कोणाही शहाण्या माणसाच्या डोक्यात इथे उजेड पडला असता. माझ्या डोक्यात काय आलं? आपल्याला समजावं म्हणून बिचारे मराठीत बोलतायत, किती सभ्य माणसं! सभ्यतेला सभ्यतेने उत्तर द्यावं म्हणून मी उठून हात जोडले आणि म्हणालो, "वी आर इम्मेन्सली बिहोल्डन." म्हणजे आम्ही आपले अत्यंत ऋणी आहोत. त्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलाने माझ्या लेकीकडे पाहिलं. लेक म्हणाली, "बाबा म्हणतायत, चहा घ्या."

लग्न जानेवारीत ठरलं. आधी कोर्टात सही, मग चर्चमध्ये आशीर्वाद आणि मग त्यांच्या दारात मांडव. मांडवात केक कापायचा आणि टोस्ट करायचा, अशी त्यांच्याकडे पद्धत. टोस्ट म्हणजे कोणीतरी वडीलधाऱ्याने माइकवर उभं राहून जोडप्याला चार चांगले शब्द बोलायचे आणि सगळ्यांनी छोटे पेले उचलायचे. मुलीकडून बापाने बोलावं असं ठरलं. लेकीने हे मला मोठ्या प्रेमाने सांगितलं, आणि पाठोपाठ माझा हात धरून म्हणाली, "बाबा, दोनच वाक्यं बोला. आणि मराठीत बोला. तुमचे शब्द नकोत, प्लीज."

तुमचे शब्द. मी हसून "बरं" म्हटलं आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. लहानपणी शर्ट ओढून मागायची, आता नको म्हणते. हिला माझी लाज वाटते. इतकी वर्षं जगाला वाटली तर वाटू दे म्हटलं होतं, पण हिला? रडू आलं मला, खरंच सांगतो. आणि ती ज्या घरात जाणार तिथे आयुष्यभर मी कोण असणार? दोन वाक्यं मराठीत बोलून गप्प बसणारा, बिनइंग्रजीचा सासरा. लेकीच्या घरात मला मान हवा होता. तिच्या दारात पाऊल टाकताना तिने खाली बघू नये एवढंच हवं होतं. आणि त्यासाठी, माझ्या अकलेप्रमाणे, एकच उपाय होता. तिने जे नको म्हटलं तेच जोरात करायचं.

लग्नापर्यंत मी भाषण पाठ केलं. ऑफिसात जाताना शेअर रिक्षात पुटपुटायचो. शेजारची बाई एकदा मला जागा देऊन स्वतः पुढे ड्रायव्हरजवळ बसली. भाषणाची सुरुवात 'हार्कन'ने, म्हणजे ऐका हो ऐका. पुढे 'कनूबियल फेलिसिटी', वैवाहिक सुख. मग 'रेडमन्सी', जो आपल्यावर प्रेम करतो त्याच्यावर उलट तितकंच प्रेम करणं. मग 'ॲप्रिसिटी', थंडीच्या दिवसातलं उबदार ऊन, कारण जानेवारी होता. उत्तनला जानेवारीतही घाम येतो, पण शब्द चांगला होता. बायको म्हणाली, "अहो, मराठीत दोन वाक्यं बोला आणि जेवायला बसा. सुरमई आहे." मी तिला ग्रॅमर्सी म्हटलं. त्याचा अर्थ फार फार आभार. तिला वाटलं मी शिवी दिली.

मांडवात आख्खं गाव जमलं होतं. बेंजोवाले एका कडेला, केक मधे, लेक पांढऱ्या साडीत. मी माइक हातात घेतला आणि अंगात आल्यासारखा सुटलो. हार्कन म्हटलं तेव्हा कुठेतरी पोरं हसली. कनूबियलपर्यंत सगळे गप्प झाले. रेडमन्सीला पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोक्यावर पदर घेतले. मला वाटलं, जिंकलो! आता थांबायचं कशाला, म्हणून मी पाठ नसलेले शब्दही घुसवले. शेवटचं वाक्य लांबलचक होतं आणि ते मी आवाज चढवत नेलं, हात वर करून संपवलं.

टाळ्या आल्या नाहीत. माइकची शिट्टी तेवढी वाजली. आणि मग पहिल्या खुर्चीतली नवऱ्यामुलाची आजी हळूहळू उठून उभी राहिली. तिने कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना हात लावला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आमेन!"

पाठोपाठ आख्खा मांडव म्हणाला, "आमेन!" बेंजो सुरू झाला.

मला काही कळेना. मी जावयाच्या वडिलांना विचारलं, काय झालं? ते माझ्या खांद्यावर हात ठेवून सद्गदित होऊन म्हणाले, की आजीच्या पोरपणी चर्चमध्ये लॅटिन चालायची. कोणाला अर्थ कळत नव्हता, पण कानाला बरी लागायची. आता सगळं मराठीत असतं. इतक्या वर्षांनी आज तुम्ही लॅटिनमध्ये प्रार्थना म्हटलीत. हिंदू असून आमच्यासाठी शिकून आलात.

सगळं मराठीत असतं! चर्च मराठीत, घर मराठीत, मांडवातली भांडणंही मराठीत. मी सभोवार पाहिलं. इंग्रजी भाषण ऐकायला आलेला तिथे मी एकटाच होतो. लेकीकडे नजर गेली तर तिने तोंड रुमालात लपवलं होतं आणि तिचे खांदे हलत होते. रडतेय. भर लग्नात मी पोरीला रडवलं. तिने दोन वाक्यं मागितली होती. माझी मान वर होईना. जेवायला न थांबता मी आमच्या भाड्याच्या बसमध्ये मागच्या सीटवर जाऊन बसलो, आणि सुरमई बायकोने डब्यात घालून आणली.

त्यानंतर मी उत्तनला गेलो नाही. म्हणजे लेकीच्या घरी गेलो नाही. तिने बोलावलं की ऑफिसचं काम काढायचो, बायको एकटी जाऊन यायची. लेक आमच्याकडे यायची तेव्हा मांडवाचा विषय ना ती काढायची ना मी. ती गप्प राहते म्हणजे किती दुखावली असेल, असं मी धरून चाललो. ग्रुपवर शब्द टाकणं बंद केलं. मावसभावाने तेव्हाही हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

पण जीव राहीना. एका रविवारी बायको दळण आणायला गेली तशी मी गुपचूप निघालो. भाईंदर वेस्टवरून बस धरली आणि उत्तनला उतरलो. लांबून घर बघायचं आणि परतायचं, एवढाच बेत. घरासमोर गल्लीच्या पलीकडे बांबूंवर बोंबील वाळत टाकलेले असतात, दोन माणसं उंच, त्यांच्या आड उभं राहिलं की दिसत नाही. मी उभा राहिलो. ओट्यावर दुपारची पंगत बसली होती. आजी भिंतीला टेकून, जावई, त्याचे आईवडील, आणि माझी लेक वाढत होती. आमच्याकडे ताटात पडलेलं न उचलणारी पोर सासरी सगळ्यांना वाढत होती. मी डोळे भरून पाहिलं, येताना पावशेर सुके बोंबील घेतले आणि घरी आलो. बायकोला सांगितलं, भाईंदरला मित्र भेटला होता.

मग दर काही रविवारी मित्र भेटायला लागला. दर वेळी सुके बोंबील. स्वयंपाकघरातल्या तीन बरण्या भरल्या. एकदा बायको माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "तुमच्या मित्राला सांगा, आता ताजे पापलेट पाठव म्हणावं." तिला सगळं कळलं होतं. मला मात्र आपण किती हुशारीने जातोय याचा अभिमान होता.

उन्हाळ्यातल्या एका रविवारी असाच बोंबलांच्या आड उभा होतो. कपाळावर माशी बसत होती, शर्ट पाठीला चिकटला होता. ओट्यावर पानं वाढून झाली होती. घरातून एक पिवळी मांजर आली आणि आजीच्या ताटासमोर, चार बोटांच्या अंतरावर, मान ताठ करून बसली. आजीने एक घास खाल्ला. मांजर बघत राहिली. आजीने दुसरा उचलला आणि मग वैतागून, शेजारीपाजारी ऐकतील अशा आवाजात ओरडली, "जा गो बाय! ग्रोकू नको!"

परत ऐकू येतं का म्हणून मी कान टवकारले. मांजर हलली नव्हती. "न्हाय सांगितला ना? ग्रोकू नको!" जावयाचे वडीलही जेवता जेवता म्हणाले, "ग्रोकू दे गो तिला, काटा टाक एक."

माझा शब्द. इंग्रजांनी टाकलेला, रद्दीतून आणलेला, आमच्या कढईपाशी वाढलेला. तो माझ्याआधी या घरात पोचला होता आणि ओट्यावर बसून जेवत होता. मी काय करणार? हसलो. आधी नाकातून, मग पोटातून, मग असा मोठमोठ्याने की बांबूला हात लागला आणि चार बोंबील माझ्या डोक्यावर पडले.

लेक वाढायचा डाव हातात तसाच घेऊन गल्ली ओलांडून आली. मी केसांतला बोंबील काढत होतो. तिने कमरेवर हात ठेवला. आईचीच पोर.

"बाबा, किती रविवार ग्रोकणार आहात अजून?"

"मी आपला... सुके बोंबील घ्यायला..."

"आईने पहिल्याच दिवशी फोन केला होता मला. मी म्हटलं, बघू कधी येतात ते. तुम्ही येतच नाही!" आणि मग एकदम तिचा आवाज चिरकला. "रोज वाट बघायची तरी किती? ग्रुपवरही काही टाकत नाही तुम्ही. मी काय केलं?"

मी म्हटलं, तू काय करणार, केलं ते मी. मांडवात रडवलं तुला.

"रडवलं?" ती डोळे पुसत माझ्याकडे बघत राहिली. "अहो बाबा, मी हसत होते! आमेन म्हटल्यावर माझ्या पोटात कळ आली हसून. आणि मी नको म्हटलं होतं ते कोणी तुम्हाला हसलं असतं तर मी भांडले असते म्हणून. लग्नाच्या साडीत भांडण कुठे करू?"

तिने माझ्या शर्टाची बाही धरली आणि ओढत नेलं. ओट्यावर एकच गडबड उडाली, पाट आला, तांब्या आला, जावई हात धुवायला पाणी घालायला उठला. आजीने डोळे बारीक करून विचारलं, "कोन आयलाय?"

"माझे बाबा," लेक म्हणाली.

"लॅटिनवाला?" आजीचा चेहरा उजळला. तिने स्वतःचा घास ताटात परत ठेवला, बाकीच्यांनाही हाताने थांबवलं. "मंग तू बोल आज परार्थना. त्याशिवाय पुढं जेवायचा न्हाय."

खरं सांगून टाकावं, की आजी, ती लॅटिन नव्हती, तो एका मूर्ख माणसाचा शहाणपणा होता? सगळे मान खाली घालून थांबले होते. वाफाळती आमटी समोर होती. मांजरसुद्धा थांबली होती. मी लेकीकडे पाहिलं.

"बोला ना बाबा," ती हळूच म्हणाली. "आजचा?"

किती वर्षांनी. माझ्या डोक्यातला सगळा कोश त्या क्षणी कोरा झाला. हार्कन नाही, कनूबियल नाही, काहीही आठवेना. एकच शब्द तेवढा राहिला होता, तो आभाराचा, जो माझ्या बायकोला शिवी वाटला होता. मी हात जोडले.

"ग्रॅमर्सी," मी म्हणालो.

"आमेन," माझी लेक म्हणाली, आजीच्याही आधी.